पगाराला गुण नाहीत: परदेशातील काम, कमाई आणि कॅनडाचा पीआर

कॅनडाच्या कायम निवासासाठी, म्हणजे बोलण्यात ज्याला 'पीआर' म्हटले जाते त्यासाठी, पुण्या-मुंबईहून किंवा आखातातून अर्ज करणाऱ्यांमध्ये सर्वांत पक्का रुजलेला समज असा आहे की, पगार जितका मोठा तितकी अर्जदाराची बाजू भक्कम. प्रत्यक्षात २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत परदेशातील कमाईच्या आकड्याला एकही गुण नाही. या पद्धतीत उमेदवाराने आधी एखाद्या योजनेची पात्रता पूर्ण करायची असते. पात्र ठरलेल्यांची नावे एका सामायिक यादीत जातात, तेथे वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांवरून सीआरएस नावाच्या गुणांकनाने त्यांचा क्रम लागतो आणि वरच्या क्रमांकांना अर्जाचे निमंत्रण मिळते. या साऱ्या हिशेबात परदेशातील नोकरी मोजली जाते ती तिच्या कालावधीवरून आणि कामाच्या स्वरूपावरून. काम मोबदल्याचे असावे, एवढीच पैशाची अट आहे. त्यामुळे बिनपगारी इंटर्नशिप आणि स्वयंसेवा बाद होतात, पण त्यापुढे नाशिकचा पगार आणि दुबईचा पगार यांत भेद केला जात नाही.

कामाचे स्वरूप ठरवण्यासाठी एनओसी ही कॅनडाची व्यवसायांची सरकारी सूची वापरली जाते. तिच्या २०२१ च्या आवृत्तीत प्रत्येक व्यवसायाला प्रशिक्षण व जबाबदारीनुसार ० ते ५ यांपैकी एक टीअर, म्हणजे स्तर, दिलेला असून परदेशातून अर्ज करणाऱ्यांच्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत ० ते ३ एवढेच स्तर चालतात. कार्डावर 'मॅनेजर' छापले आहे म्हणून काम व्यवस्थापकाचे ठरत नाही, कारण सूचीत त्या व्यवसायाखाली दिलेली मुख्य कामे अर्जदाराने खरोखर केली होती का, हे अधिकारी पाहतो, आणि भारतीय कंपन्यांत पदनामे ज्या उदारपणे वाटली जातात ते लक्षात घेता ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. या योजनेसाठी गेल्या १० वर्षांत एकाच व्यवसायातला किमान एक वर्षाचा सलग अनुभव लागतो. वर्ष म्हणजे आठवड्याला ३० तास या हिशेबाने १,५६० तास असल्यामुळे, आठवड्याला साठ तास राबून सहा महिन्यांत वर्ष भरून काढता येईल असे काहींना वाटते. तथापि ३० च्या वरचे तास धरलेच जात नाहीत. उलट अर्धवेळ काम मात्र धरले जाते, फक्त आठवड्याला १५ तासांच्या कामाला वर्षाऐवजी २४ महिने द्यावे लागतात.

अनुभव जितका जास्त तितके गुण जास्त, हा समज अर्धाच खरा आहे, आणि अर्धवट सत्यानेच येथे सर्वाधिक नुकसान होते. गोंधळाचे मूळ असे की गुणांच्या पद्धती दोन आहेत. फेडरल स्किल्ड वर्करच्या पात्रतेसाठी १०० पैकी ६७ गुण लागतात आणि त्यात एका वर्षाच्या अनुभवाला ९, तर सहा वा अधिक वर्षांना १५ गुण मिळतात. मात्र निमंत्रण ज्यावर ठरते त्या सीआरएसमध्ये परदेशातील अनुभवाची वाढ तीन वर्षांवर थांबते आणि तीन वर्षे व नऊ वर्षे सारखीच ठरतात. शिवाय तेथे हा अनुभव एकटा काहीच देत नाही, तो भाषेशी किंवा कॅनडातील अनुभवाशी जोडला गेला तरच गुण मिळतात. भाषेची पातळी सीएलबी या कॅनडाच्या मोजपट्टीवर ठरते. तीन वर्षांच्या परदेशी अनुभवाला सीएलबी ७ असताना २५ गुण मिळतात, तर सीएलबी ९ गाठल्यास ५०. आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेत ही वरची पातळी म्हणजे श्रवणात ८ आणि वाचन, लेखन, संभाषणात प्रत्येकी ७. इकडे वयाचे गुण तिसाव्या वर्षापासून दर वर्षी घटतात: जोडीदाराविना अर्ज करणाऱ्याला तिसाव्या वर्षी १०५, तेहेतिसाव्या वर्षी ८८ आणि चाळिसाव्या वर्षी ५० गुण मिळतात. म्हणजे हाती तीन वर्षांचा अनुभव असताना 'अजून थोडा अनुभव घेऊ' म्हणून तिशीत तीन वर्षे थांबणारा उमेदवार परदेशी अनुभवाच्या खात्यात काहीही न मिळवता १७ गुण गमावतो, आणि तेच कष्ट त्याने इंग्रजीच्या परीक्षेवर घेतले असते तर पदरात अधिक पडले असते.

कॅनडात शिकून तेथेच नोकरीला लागलेल्यांची समजूत याच्या अगदी उलट असते: मायदेशी केलेली नोकरी आता निरुपयोगी झाली. कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास ही त्यांची योजना केवळ कॅनडातील अनुभव पाहते, हे खरे. परंतु सीआरएसमध्ये कॅनडातील दोन वर्षांना परदेशातील तीन वर्षांची जोड मिळाली की ५० गुणांची भर पडू शकते. टोरांटोत राहून भारतातील कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांची अडचण निराळी आहे, कारण या योजनेत अनुभव धरला जाण्यासाठी देहाने कॅनडात असणे पुरत नाही, नोकरी देणाराही कॅनडातील असावा लागतो.

पगाराचा आकडा अर्जात येतो तो पुरावा म्हणून. अनुभवाच्या पत्रात कंपनीच्या लेटरहेडवर पद, कालावधी, केलेली कामे, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व इतर लाभ नोंदवलेले असावेत आणि खाली अधिकाऱ्याची सही असावी, अशी अपेक्षा असते. भारतात नोकरी सोडताना हाती पडणारे पत्र बहुधा तीन ओळींचे असते: अमुक ते तमुक काळात या पदावर होते, वर्तणूक चांगली, भावी वाटचालीस शुभेच्छा. त्यात कामांचा उल्लेख नसतो आणि तासांचाही नसतो, म्हणून दहा वर्षांची प्रामाणिक नोकरीही कागदावर लंगडी पडू शकते. फॉर्म १६ आणि पगाराच्या पावत्या पैसे मिळाल्याचे दाखवतात, काम कोणते केले ते दाखवत नाहीत. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांचा अनुभव फेडरल स्किल्ड वर्करमध्ये ग्राह्य आहे, मात्र स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेले स्वतःच्या कामांचे प्रतिज्ञापत्र, ज्यावर आपल्याकडची निम्मी सरकारी कामे उरकतात, तेथे पुरावा ठरत नाही. व्यवसायाची मालकी, उत्पन्न आणि ग्राहकांसारख्या त्रयस्थांची कागदपत्रे द्यावी लागतात. एजंटाच्या सल्ल्याने पत्रात कामे वाढवून लिहिण्याचा मोह मात्र महागात पडतो, कारण चुकीची माहिती देणे सिद्ध झाल्यास पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते.

मिळकत आणि शिल्लक यांतली गल्लतही नेहमीची आहे. फेडरल स्किल्ड वर्करच्या अर्जदाराला कुटुंबाच्या निर्वाहापुरती रक्कम हाती असल्याचे दाखवावे लागते. जुलै २०२५ च्या सुधारणेनुसार ती एका व्यक्तीसाठी १५,२६३ आणि चौघांसाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर आहे, आणि सोबत न येणारे पती वा पत्नी व अवलंबून असलेली मुलेही माणसे मोजताना धरली जातात. लठ्ठ पगार या रकमेची जागा घेत नाही; घर वा जमीन कितीही किमतीची असली तरी चालत नाही, आणि उसना पैसाही चालत नाही. बँकेच्या पत्रात खाते उघडल्याची तारीख, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि फेडायची बाकी असलेली कर्जे नमूद असावी लागतात, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात नातलगांकडून खात्यात भरलेली रक्कम लपत नाही. कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासच्या अर्जदारांना ही अट लागू नाही.

पीआर मिळताच भारतातील जुन्या कमाईवर कॅनडा कर घेईल, ही भीतीही निराधार आहे. कर लागतो तो कॅनडाच्या कररहिवासाच्या आधारे, म्हणजे घर, कुटुंब व व्यवहार तेथे स्थिरावल्यावर, पीआरच्या कार्डामुळे नव्हे. रहिवासी होण्यापूर्वीची मिळकत त्यात येत नाही. त्यानंतरचे भारतातील भाडे व व्याज मात्र कॅनडाच्या विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि भारतात भरलेल्या कराची सवलत दोन्ही देशांतील करारानुसार मागता येते. स्वतःच्या वापराचे घर सोडून परदेशातील मालमत्तेची मूळ किंमत १,००,००० कॅनेडियन डॉलरांच्या वर असल्यास टी ११३५ हा वेगळा फॉर्म भरावा लागतो, पण नव्याने रहिवासी झालेल्या व्यक्तीला पहिल्या वर्षी त्यातून सूट असते.