अडगळीतल्या युद्धनौकेचा जीर्णोद्धार

रेडिओवर चालणाऱ्या युद्धनौकेच्या मॉडेलला दोन परीक्षा द्याव्या लागतात. ते मूळ जहाजासारखे दिसले पाहिजे आणि पाण्यात सोडल्यावर तरंगून, हुकमाप्रमाणे वळून, सुखरूप काठाला आले पाहिजे. वर्षानुवर्षे माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये पडून राहिलेले मॉडेल बहुधा दोन्हींत नापास होते. डोलकाठी मोडलेली, दोऱ्या लोंबणाऱ्या, डेकवर धुळीचा थर, आणि आत बॅटरीने ओकलेल्या क्षारांचा राडा अशा अवस्थेतच ते दुसऱ्याच्या हाती येते. ज्याने ते बांधले तो पुष्कळदा हयात नसतो, आणि वारसांना त्याचे काय करावे हे कळत नाही.

हा छंद जुना आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ लहरींनी चालणारी छोटी नौका लोकांसमोर चालवून दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंटही मिळवले. ब्रिटनमधल्या स्कारबरो गावच्या पीझहोम पार्कमध्ये १९२७ पासून तळ्यावर छोट्या युद्धनौकांची लुटुपुटूची लढाई होते. तिथल्या मोठ्या नौकांत माणसे बसून त्या चालवतात. घरगुती छंद म्हणून रेडिओ-नौका रुजल्या त्या मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ब्रिटनमध्ये तर गावोगावच्या तळ्यांवर.

जीर्णोद्धाराचे काम समजून घ्यायला 'फ्लॉवर' वर्गाच्या कॉर्व्हेटचे, म्हणजे लहान संरक्षक युद्धनौकेचे, १:७२ प्रमाणातले मॉडेल सोयीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधल्या मालवाहू तांड्यांना जर्मन पाणबुड्यांपासून वाचवण्यासाठी या वर्गाची अडीचशेहून अधिक जहाजे बांधली गेली. व्हेल पकडणाऱ्या जहाजाच्या आराखड्यावरून ती बेतलेली होती आणि त्यांतल्या बहुतेक ब्रिटिश जहाजांना फुलांची किंवा वनस्पतींची नावे होती. त्यांतली 'चार्लॉक' पुढे रॉयल इंडियन नेव्हीकडे आली आणि 'मराठा' हे नाव तिला मिळाले. मॅचबॉक्स कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस या कॉर्व्हेटचे प्लॅस्टिकचे मोठे किट काढले, पुढे ते रेवेलने विकले. अनेकांनी त्यात मोटर आणि रेडिओ बसवून ते पाण्यात उतरवले. मॉडेलची लांबी सुमारे ८७ सेंटिमीटर, रुंदी १४ सेंटिमीटर. पाण्यात नीट बसण्यासाठी त्याचे वजन अडीच ते तीन किलो भरावे लागते.

असे मॉडेल हाती आले की पहिला मोह होतो तो बॅटरी जोडून मोटर फिरते का ते पाहण्याचा. तो आवरावा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, सुटे पडलेले तुकडे, अगदी नखाएवढी पाइपसुद्धा, डबीत जपून ठेवावेत, आणि हे नेमके कोणत्या काळातले जहाज दाखवले आहे ते ठरवावे. फ्लॉवर वर्गात युद्धाच्या काळातच मोठे बदल झाले. सुरुवातीच्या नौकांचा पुढचा उंच भाग आखूड होता आणि डोलकाठी ब्रिजच्या, म्हणजे जहाज हाकण्याच्या उंच जागेच्या, पुढे होती. नंतर तो भाग मागे वाढवला गेला, डोलकाठी ब्रिजमागे गेली, रडारचा कंदिलासारखा मनोरा आला, पाणबुडीवर पुढच्या दिशेने गोळे फेकणारे 'हेजहॉग' आले. दुरुस्ती करताना आखूड नौकेवर उशिराच्या काळातली हत्यारे चढवली की मॉडेल इतिहासातल्या कोणत्याच दिवसाचे राहत नाही. मूळ बांधणाऱ्याने अमुक एक गोष्ट का केली असेल, हा विचार इथे उपयोगी पडतो. त्याने हाताने घडवलेली पितळी रेलिंग थोडी वाकडी असेल, पण बाजारातली सफाईदार रेलिंग लावण्यापेक्षा तीच सरळ करून परत बसवणे केव्हाही चांगले. जीर्णोद्धारात नव्याची भर जितकी कमी तितके काम वरच्या दर्जाचे.

वरचा इमला, म्हणजे ब्रिज, धुराडे आणि तोफांचे चौथरे मिळून झालेला भाग, बहुतेक मॉडेलांत उचलून काढता येतो. तो काढला की खरे दुखणे दिसते. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. बॅटरी तशीच राहिली तर ते हळूहळू बाहेर झिरपते आणि टोकांवर पांढरट, फुलासारखे पसरलेले क्षार जमतात. हा पदार्थ अल्कली असल्यामुळे कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून तो निकामी करतात, मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करतात. बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर गळलेला पदार्थ आम्ल असतो; तिथे खाण्याचा सोडा लागतो. दोन्ही कामांत हातमोजे आणि चष्मा हवाच.

क्षार पुसले म्हणजे नुकसान संपले असे मात्र नाही. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या काळ्या वायरचे टोक सोलून पाहावे. आतले तांबे चकचकीत लालसर दिसण्याऐवजी काळेकुट्ट झालेले आढळते आणि त्यावर सोल्डर धरतच नाही. हा गंज प्लॅस्टिकच्या आवरणाआडून वायरीत पुढे सरकत जातो, कधी स्विचपर्यंत, कधी रिसीव्हरपर्यंत. उजळ तांबे लागेपर्यंत वायर तोडत जाणे हा एक मार्ग, पण सगळी वायरिंग नव्याने करणे शहाणपणाचे. या एका बाबतीत जुने जपण्याचा आग्रह सोडून द्यावा.

नंतर हल, म्हणजे जहाजाचे मुख्य धड. किटचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचे असते. जुने झाले की ते ठिसूळ होते आणि सांध्यांवर केसासारख्या चिरा पडतात. मोठी मॉडेले फायबरग्लासची किंवा फळ्या जोडून केलेली असतात. फायबरग्लासच्या हलला आतून काचेच्या कापडाचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून लावतात. लाकडी हल आधी कित्येक आठवडे वाळू द्यावा लागतो, कारण ओल्या लाकडावर एपॉक्सी टिकत नाही. प्लॅस्टिकच्या चिरांत द्रवरूप सिमेंट सोडून, आतून त्याच प्लॅस्टिकची पट्टी चिकटवतात आणि बाहेरून पुट्टी भरून वॉटर पेपरने घासतात. जुना रंग कोरडा घासू नये. जुन्या एनॅमलमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसात जाणे घातक. पाणी लावून घासले की धूळ उडत नाही.

पाणी आत येण्याची सर्वांत हमखास जागा मागच्या बाजूला, प्रोपेलरच्या दांड्याशी असते. दांडा पितळी नळीतून हलच्या बाहेर जातो. नळीच्या दोन्ही टोकांना बुश असतात आणि मधली पोकळी ग्रीसने भरलेली असते. हे ग्रीस सुकून मेणासारखे घट्ट होते, किंवा सुकून आक्रसते आणि पाण्याला वाट करून देते. प्रोपेलर बोटांत धरून दांडा वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहावा. खडखड जाणवली तर बुश झिजलेले आहेत. गंजलेला दांडा बदलणे सोपे आहे, नळी बदलणे अवघड. फायबरग्लासच्या हलमध्ये नळी तापवून तिच्याभोवतीचे एपॉक्सी मऊ करतात आणि नळी ओढून काढतात. पॉलिस्टायरिनच्या हलमध्ये हीच युक्ती केली तर हलच वितळू लागतो, कारण हे प्लॅस्टिक सुमारे १०० अंश सेल्सिअसलाच मऊ पडते. तिथे नळीभोवतीचे एपॉक्सी बारीक कानशीने थोडे थोडे कोरून काढण्यावाचून पर्याय नसतो. नळी परत बसवताना मोटरचा दांडा आणि प्रोपेलरचा दांडा एका सरळ रेषेत आणणे हे सगळ्यात चिकाटीचे काम. ते चुकले तर मोटर घरघरते, बुश झिजतात आणि बॅटरी लवकर उतरते.

मोटर शक्य तर जुनीच ठेवावी. कार्बन ब्रशच्या साध्या मोटरी मंद वेगात छान चालतात आणि युद्धनौकेला तेच लागते. बुशवर तेलाचा एक थेंब पुरतो. ब्रश आणि कम्युटेटरवर मात्र तेल जाता कामा नये. मोकळ्यावर फिरताना आणि बाथटबमध्ये प्रोपेलर फिरवताना मोटर किती अँपिअर खेचते ते मोजून घ्यावे, म्हणजे कोणता फ्यूज आणि कोणता स्पीड कंट्रोलर लागेल ते ठरते. जुन्या मॉडेलांत वेग बदलायला रेझिस्टन्सच्या पट्टीवर सर्व्हो मोटरने घासणारा काटा असायचा. तो उष्णतेत वीज वाया घालवतो. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर येतो.

जुन्या रेडिओंना फ्रीक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल लागायचा. २७ किंवा ४० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ज्या क्रिस्टलवर एक नौका चालू असेल, त्याच क्रिस्टलवर दुसऱ्याने ट्रान्समीटर सुरू केला तर दोन्ही नौका बावचळत. म्हणून क्लबच्या तळ्याकाठी फळा असे आणि आपल्या फ्रीक्वेन्सीची खुंटी लावल्याशिवाय कोणी बटण दाबत नसे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या संचांनी ही कटकट संपवली. पण या लहरी पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत. त्यामुळे रिसीव्हरची अँटेना हलच्या तळाशी न ठेवता जलरेषेच्या वर आणि धातूपासून दूर बसवावी लागते. मॉडेल पाणबुड्या चालवणारे अजून जुन्याच पट्ट्यांना धरून आहेत, ते याच कारणाने.

बॅटरी बदलताना एक गोष्ट सर्वाधिक विसरली जाते, ती म्हणजे वजन. जुनी शिसे-आम्लाची बॅटरी नुसती वीज देत नव्हती. तळाशी बसून नौकेला सरळ उभे ठेवण्याचे कामही तीच करत होती. तिच्या जागी हलकी लिथियम बॅटरी बसवली की मॉडेल पाण्यात वर उचलले जाते आणि पहिल्याच वळणावर आडवे होऊ शकते. काढलेले वजन शिशाच्या पट्ट्यांच्या रूपात परत तळाशी, मधोमध बसवावे लागते, आणि ते हलू नये म्हणून पक्के करावे लागते. सुटे शिसे एका बाजूला सरकले तर त्यापेक्षा काहीच नसलेले बरे.

इथे प्रमाणाचे गणित कामी येते. लांबी ७२ पटींनी कमी झाली तरी वजन ७२च्या घनाने, म्हणजे सुमारे पावणेचार लाख पटींनी, कमी होते. ९४० टनांचे जहाज अडीच किलोंवर येते ते असे. वारा मात्र कोणत्याही प्रमाणात लहान होत नाही. तळ्यावरची साधी झुळूक या मॉडेलला वादळासारखी लागते. म्हणून उंचावरचे वजन जितके कमी तितके चांगले. मूळ बांधणाऱ्याने डोलकाठीवर ओतीव धातूचे जड भाग लावले असतील तर तेवढेच हलक्या रेझिनचे करून घेणे समर्थनीय आहे. स्थैर्य तपासायला नौका बाथटबमध्ये ठेवून कडेला बोटाने दाबतात आणि सोडतात. ती झटकन सावरली तर ठीक. एका बाजूला रेंगाळून मग हळूच परत आली, तर वर वजन जास्त आहे.

वेगाचे गणित निराळे. ब्रिटिश अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७०च्या दशकात टॉर्कीजवळ हौद बांधून जहाजांची मॉडेले ओढून पाहिली. जहाज आणि मॉडेल यांच्या लाटा सारख्या दिसायला वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करावा लागतो, हा नियम त्यांच्या कामातून पक्का झाला. फ्लॉवर कॉर्व्हेटचा वेग १६ नॉट होता. ७२चे वर्गमूळ साधारण साडेआठ, म्हणून मॉडेलने सेकंदाला सुमारे एक मीटर जावे. म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग. त्याहून पळवले तर नाळेशी फेसाचा डोंगर उठतो आणि युद्धनौका स्पीडबोटीसारखी दिसू लागते.

रंगकाम शेवटी. त्याआधी मऊ ब्रश आणि सौम्य साबणाच्या पाण्याने जुना रंग धुऊन पाहावा. कित्येकदा धुळीखाली चांगला रंग शाबूत निघतो आणि फक्त उडालेल्या जागा भरून काम भागते. पूर्ण रंगवायचेच असेल तर या नौकांना शोभते ती 'वेस्टर्न अप्रोचेस' पद्धत. पांढऱ्या पायावर फिकट निळे आणि हिरवट ठोकळे असलेली ही रंगसंगती चित्रकार व निसर्गअभ्यासक पीटर स्कॉट यांनी योजलेली होती. अटलांटिकच्या ढगाळ उजेडात पाणबुडीला पांढरे जहाज कमी दिसते, हे त्यामागचे निरीक्षण. मॉडेलवर हेच रंग थोडे फिके करून आणि चमक मारून लावतात. लहान वस्तूवर मूळ छटा जास्त गडद भासते. कुजलेल्या सुती दोऱ्यांच्या जागी लवचिक धागा लावला तर इमला काढता-घालताना तो तुटत नाही. पाण्याच्या हबक्याने वीज-जोडण्या भिजू नयेत म्हणून इमल्याखालच्या तोंडाला उभी कड आणि मऊ पट्टी बसवणे तितकेच गरजेचे.

पहिली फेरी वारा पडलेला असताना, काठाजवळ घ्यावी. आधी ट्रान्समीटर दूर नेऊन रेडिओचा पल्ला तपासतात, सुकाणू दोन्ही बाजूंना वळते का पाहतात. पाचएक मिनिटांनी नौका बाहेर काढून आत पाणी आले का, मोटर आणि स्पीड कंट्रोलर तापले का हे हाताने बघतात. थोडे पाणी आले असेल तर बहुधा तो दांड्याच्या नळीचाच दोष, आणि ग्रीस भरून तो जातो. बंद पडलेली नौका ओढून आणायला गळाच्या दोरीला बांधलेला टेनिसचा चेंडू पुरतो: तो नौकेच्या पलीकडे फेकून दोरी हळूहळू ओढतात.

दुरुस्त झालेले मॉडेल पुन्हा नादुरुस्त होते ते बहुतेक साठवणीतच. प्रत्येक फेरीनंतर इमला काढून हल उघडा वाळू द्यावा, दांड्याला ग्रीस द्यावे, आणि बॅटरी बाहेर काढून वेगळी, कोरड्या जागी ठेवावी. शिसे-आम्लाची असेल तर ती पूर्ण चार्ज करून ठेवतात, लिथियमची असेल तर साधारण अर्धी.