गाडी ओढते किती, पेलते किती?

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की हायवेवर गाड्यांच्या मागे गाड्या दिसू लागतात. कुणी होडी ओढत नेत असतो, तर कुणी चाकांवरचे छोटे घर, म्हणजे कॅम्पर ट्रेलर. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रकार नवा राहिलेला नाही. पुण्या-नाशिकहून आलेल्या आजी-आजोबांना आणि मुलांना घेऊन निघायचे, राष्ट्रीय उद्याने पाहायची, हॉटेलऐवजी स्वतःच्याच कॅम्परमध्ये मुक्काम करायचा आणि तिथेच पोहे परतायचे, असा बेत ठरतो. मग प्रश्न येतो गाडीचा. आठवडाभर ऑफिस, शाळा आणि बाजारहाट करील आणि सुट्टीत दोन टनांचा ट्रेलरही ओढील, अशी एकच गाडी कोणती?

शोरूममध्ये या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मिळते. ‘ही गाडी पाच हजार पौंड ओढते,’ असे विक्रेता सांगतो. पाच हजार पौंड म्हणजे सुमारे २,२७० किलो. आपला ट्रेलर त्याहून हलका आहे, म्हणजे काम झाले, असे गिऱ्हाईक समजते. तो आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. सपाट रस्त्यावर वजन ओढणे हे आजच्या इंजिनांना फारसे अवघड नाही. ते वजन पेलणे, डळमळू न देणे आणि वेळेवर थांबवणे हे खरे अवघड काम आहे, आणि घरच्यांची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.

जोखडावरचा भार

बैलगाडी भरणाऱ्याला यातले निम्मे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. माल पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे जास्त झाला तर गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाते. म्हणून माल असा रचायचा की मानेवर थोडा भार राहील, पण मान दबणार नाही.

ट्रेलरचेही तसेच आहे. ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागच्या हुकावर, म्हणजे हिचवर टेकतो. तिथे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार यावा, असा अमेरिकेतला प्रघात आहे. भरलेला ट्रेलर २,०४० किलोचा असेल आणि हे प्रमाण १२ टक्के धरले, तर हिचवर सुमारे २४५ किलो येतात. हा भार ओढायचा नसतो, तो गाडीने अंगावर घ्यायचा असतो. म्हणजेच तो प्रवासी आणि सामान यांच्याच हिशेबात धरावा लागतो.

गाडी किती वजन अंगावर घेऊ शकते, हे अमेरिकेतल्या गाड्यांवर चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते. प्रवासी आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा जास्त नको, असे ते वाक्य असते. समजा, तिथे ६०० किलो लिहिले आहे. आता बेरीज करू. नवरा-बायको, आजी-आजोबा आणि दोन मुले मिळून ३६० किलो. बॅगा, खाण्याचे डबे, बर्फाची पेटी असे ८० किलो. हिचचे लोखंडी साहित्य ३५ किलो. त्यात हिचवरचे २४५ मिळवले की बेरीज ७२० किलो होते. ओढण्याच्या क्षमतेत २३० किलो शिल्लक आहेत, पण पेलण्याची मर्यादा १२० किलोंनी ओलांडली आहे. टायर, मागचा आस आणि स्प्रिंग यांना या जास्तीच्या वजनाचा ताण सोसावा लागतो.

ओढण्याच्या क्षमतेचा आकडा ठरतो कसा, हे कळले की यातली मेख लक्षात येते. अमेरिकेत ‘एसएई जे२८०७’ नावाची मानक चाचणी आहे. तीत गाडीत चालक आणि शेजारी एक प्रवासी, प्रत्येकी सुमारे ६८ किलोचे, एवढेच धरतात. सहा जणांचे कुटुंब आणि त्यांचे सामान त्या हिशेबात नसते. आपण जितकी माणसे आणि जितके सामान वाढवू, तितकी ओढण्याची प्रत्यक्ष क्षमता कमी होते.

पुढची चाके हलकी होतात

भार किती, याइतकेच तो कुठे पडतो हेही महत्त्वाचे. हिच मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे गाडीची तरफ होते आणि मागची चाके हा तिचा टेकू. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.९ मीटर अंतर असेल आणि हिच मागच्या चाकांपासून १.२ मीटर मागे असेल, तर २४५ किलोंच्या भाराने पुढच्या चाकांवरचे सुमारे १०० किलो कमी होतात. मागच्या चाकांवर मात्र सुमारे ३४५ किलो वाढतात. पुढची चाके हलकी झाली की स्टीअरिंग सैल वाटते, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर कधी कधी चक्क उचलली जातात. तिथे ही तरफ आणि चढावरची ओढ, दोन्ही एकत्र काम करत असतात.

म्हणून ट्रेलरसाठी गाडी निवडताना पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जास्त आणि मागच्या चाकांपासून हिचपर्यंतचे अंतर कमी असलेली गाडी बरी. भार वाटून देणारे खास हिच मिळते. ते थोडे वजन पुढच्या चाकांवर आणि थोडे ट्रेलरच्या आसावर ढकलते. मात्र त्यामुळे स्टिकरवरची मर्यादा वाढत नाही. शिवाय गाडीच्या कंपनीने त्याला परवानगी दिली आहे का, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे लागते.

चढापेक्षा उतार अवघड

जे२८०७ चाचणीत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ धरला आहे. सुमारे १८ किलोमीटरच्या या रस्त्यावर गाडी जवळजवळ ९०० मीटर उंच चढते. बाहेर ३८ अंशांचा उन्हाळा आणि आत एसी पूर्ण जोरात, अशा स्थितीत ट्रेलरसह ठरावीक वेग राखावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स तापून बंद पडत नाहीत ना, हे त्यात कळते.

आता तोच रस्ता उलटा उतरायचा आहे असे समजा. गाडी दोन टन, ट्रेलर दोन टन, एकूण ४,००० किलो वजन ९०० मीटर खाली येताना सुमारे ३५ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांतला काही वाटा उचलतात. उरलेली ऊर्जा इंजिनाने आणि ब्रेकने झेलायची असते. या ३५ मेगाज्यूलमध्ये शंभर लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत साठू लागली तर ब्रेक लागेनासे होतात. ब्रेक ऑइल उकळले तर पेडल सरळ खाली जाते.

म्हणून घाटातला जुना नियम इथेही लागू आहे. ज्या गिअरमध्ये चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता अधूनमधून नेमका वापरावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंवरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो आहे. गाडी घेतानाच ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर बसवण्याची सोय आहे का, हे विचारायला हवे.

वेगाचेही गणित आहे. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या चार टनांत जेवढी गतिज ऊर्जा असते, त्यापेक्षा ताशी ८० किलोमीटरला ३६ टक्के कमी असते. वेग २० टक्के घटवला की ब्रेकचे काम एक तृतीयांशाहून जास्त हलके होते.

शेपूट हलू लागते तेव्हा

ट्रेलरच्या अपघातांत सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागणे. वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेला मोठा ट्रक किंवा घाईने फिरवलेले स्टीअरिंग एवढे निमित्त पुरते. ठरावीक वेगाच्या खाली हा हेलकावा आपोआप विरतो. त्या वेगाच्या वर तोच हेलकावा फेरीगणिक वाढत जातो आणि शेवटी ट्रेलर गाडीलाही फिरवतो. हा घातक वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. सामान मागच्या बाजूला भरले आणि हिचवरचा भार कमी झाला की तो खाली येतो. कॅम्परच्या शेपटाकडे सायकली, पाण्याचे कॅन आणि जनरेटर बांधणे म्हणूनच धोक्याचे.

हेलकावा सुरू झालाच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, स्टीअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावण्याची सोय असेल तर फक्त तेच हळूच लावावेत. गाडीचा ब्रेक जोरात दाबणे किंवा वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ करायला’ जाणे, दोन्ही घातक. आजच्या अनेक गाड्यांत हे झुलणे ओळखून आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती जरूर घ्यावी, पण चुकीच्या भरलेल्या ट्रेलरवर तो उपाय नव्हे.

उरलेले साडेतीनशे दिवस

हे सगळे वाचून वाटेल, की मग सरळ सर्वांत मोठा पिकअप ट्रक घ्यावा. इथे हिशेबाची दुसरी बाजू येते. बहुतेक कुटुंबे वर्षाकाठी दहा-पंधरा दिवस ट्रेलर ओढतात. बाकीचे साडेतीनशे दिवस तीच गाडी शाळेच्या दारात, बाजाराच्या पार्किंगमध्ये आणि वस्तीच्या रस्त्यांवर फिरते.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून, म्हणजे सुमारे एक मीटरहून उंच आहे, त्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. तुलना होती ३० इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांशी. उंच बॉनेटचा घाव पायांऐवजी छातीवर आणि डोक्यावर बसतो. मूल अगदी गाडीपुढे उभे असले तर चालकाला दिसतही नाही. इंधनाचा रोजचा जादा खर्च वेगळाच.

विजेवरच्या गाड्यांचे वेगळे आहे. त्यांची ओढ दमदार असते आणि उतारावरची काही ऊर्जा त्या बॅटरीत परत घेतात. पण उंच, चौकोनी कॅम्पर मागे लावला की हवेचा विरोध एवढा वाढतो, की एका चार्जमध्ये जाणारे अंतर जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. शिवाय बऱ्याच चार्जिंग केंद्रांवर ट्रेलर सोडूनच गाडी आत घ्यावी लागते.

निवड कशी करावी?

क्रम उलटा करावा. आधी रोजच्या कामाला योग्य गाडी कोणती ते ठरवावे आणि तिला पेलेल असा ट्रेलर शोधावा. अमेरिकेतल्या अनेक मिनीव्हॅन ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,६०० किलो ओढू शकतात. त्यांच्यासाठी हलके, बुटके कॅम्पर मिळतात. मोठ्या कॅम्परचा आग्रहच असेल, तर तो एका जागी उभा करून देणारे किंवा ओढायला ट्रक भाड्याने देणारे शोधावेत. मात्र भाड्याच्या गाडीला ट्रेलर जोडायला परवानगी आहे का, हे करारात वाचावे. बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत.

गाडी पाहायला जाताना ट्रेलरचे रिकामे वजन धरू नये. त्यावर लिहिलेले कमाल भरलेले वजन धरावे. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजेच शंभर किलो. त्या कमाल वजनाचे १२ ते १५ टक्के काढावेत, त्यात घरातल्या सर्वांचे आणि सामानाचे वजन मिळवावे आणि ही बेरीज चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरशी ताडून पाहावी. एकाच मॉडेलची ओढण्याची क्षमता टोइंग पॅकेज असण्या-नसण्यावर बदलते. म्हणून कागदावरच्या मॉडेलपेक्षा समोर उभ्या असलेल्या गाडीचा स्टिकर वाचावा.

पहिल्या सहलीआधी ट्रकच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी आणि ट्रेलर दोन्ही तोलून घ्यावेत. टायरची हवा तपासावी. रिकाम्या मैदानात वळण्याचा, मागे घेण्याचा आणि थांबण्याचा सराव करावा. चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही बसू देऊ नये. अनेक राज्यांत तशी कायद्यानेच मनाई आहे. आणि काट्यावर वजन जास्त भरले तर संकोच न करता सामान उतरवावे. पाण्याची टाकी मुक्कामाला पोहोचल्यावरही भरता येते.