साठ मीटरवरचं विमान

आयर्लंडच्या कुरणांवरून पांढऱ्या रंगाचं, लाल शेपटीचं एक छोटं विमान गेली अनेक वर्षं इतक्या खालून उडत आलं आहे, की चांगली नजर असलेल्याला त्याचा नोंदणी क्रमांक वाचता यावा : सी-जीएसजीएफ. हे ट्विन ऑटर जातीचं, कॅनडात नोंदलेलं विमान. आयर्लंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ‘टेलस’ प्रकल्पासाठी ते उडतं. मोकळ्या रानावर त्याची उंची असते जेमतेम 60 मीटर. गाव आलं की ते वर चढतं, गाव सरलं की पुन्हा खाली येतं.

विमानांचे फोटो काढण्याचा नाद असलेल्यांना हे विमान खुणावतं. विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहिलं की विमान उतरताना किंवा उडताना सापडतं. इथे ते ऐन कामात असतं. म्हणून त्याच्या फोटोत ते काम दिसलं पाहिजे, आणि ज्या जमिनीसाठी ते चाललंय ती जमीनही दिसली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

काम ओळखायचं तर विमानाची ठेवण वाचता यायला हवी. शेपटीच्या मागे सरळ बाहेर आलेला दांडा दिसतो, त्यात चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र असतं. इंजिनाच्या लोखंडाचा आणि विजेच्या तारांचा त्रास त्याला कमीत कमी व्हावा, म्हणून ते शक्य तितकं लांब नेलेलं असतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ठिकाणानुसार साधारण 25,000 ते 65,000 नॅनोटेस्ला असतं. खडकात मॅग्नेटाइटसारखं खनिज असेल तर त्यात बारीक चढउतार होतात, आणि हे यंत्र नॅनोटेस्लाचा अंशही टिपतं. या विद्येचं मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या विमानातून हुडकण्यासाठी अशी यंत्रं वापरात आली, आणि 1944 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉयरटाउनजवळ तीच खडकांच्या शोधासाठी उडवली गेली.

पंखांच्या टोकांना कवचं बसवलेली दिसतात. एका टोकाच्या वेटोळ्यातून विद्युतचुंबकीय लहरी जमिनीत सोडायच्या आणि दुसऱ्या टोकाला जमिनीचा प्रतिसाद टिपायचा. माती, पाणी, धातुक खडक यांची वीजवहनाची क्षमता वेगवेगळी, त्यामुळे उत्तरही वेगळं. तिसरं यंत्र बाहेरून दिसतच नाही. पोटात सोडियम आयोडाइडचे मोठे स्फटिक असतात. जमिनीतल्या पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम यांच्यापासून निघणारे गॅमा किरण ते मोजतात. हे किरण जमिनीच्या अगदी वरच्या थरातूनच बाहेर येतात आणि हवेत झपाट्याने क्षीण होतात. इतक्या खालून उडण्याचं हे एक मोठं कारण.

उडण्याची पद्धत नांगरटीसारखी : एक तास संपला की वळून शेजारचा तास. दोन ओळींमधलं अंतर 200 मीटर. फोटो काढणाऱ्याला याचा फायदा असा, की विमान एकदा निसटलं तरी थोड्या वेळाने शेजारून परत येण्याची शक्यता असते. टेलसच्या ओळी साधारण उत्तर-दक्षिण, थोड्या कललेल्या असतात. त्यामुळे सकाळी ओळीच्या पूर्वेला उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं आणि विमानाची पूर्ण बाजू उजळते. दुपारनंतर पश्चिमेला जायचं.

विमान सेकंदाला सुमारे 60 मीटर वेगाने येतं. डोंगराआडून आलं तर आवाज आणि विमान जवळजवळ एकदमच हजर होतात. शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं तर पंख्याची पाती गोठतात आणि विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. दीडशे किंवा दोनशेवर आणलं की पाती फिरताना दिसतात, मात्र कमरेतून वळत कॅमेरा विमानाबरोबर एकसारखा फिरवावा लागतो. फार लांब पल्ल्याची लेन्स इथे घातक. विमान चौकटभर येतं, पण त्याखालचं दगडी कुंपण, मेंढ्या, ओलं कुरण सगळं कापलं जातं, आणि तो फोटो कुठल्याही विमानाचा होतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये विमान लहान येतं, तरी साठ मीटर म्हणजे काय ते बघणाऱ्याला कळतं. शेपटीचा दांडा आकाशावर स्वच्छ उठून दिसावा एवढं मात्र सांभाळावं.

दोन पथ्यं कडक पाळायची. ड्रोन अजिबात उडवायचा नाही. या उंचीवर तो वैमानिकाच्या जिवावर बेतू शकतो. आणि घोड्यांच्या तबेल्याशेजारी गर्दी करायची नाही, कारण विमानाच्या आवाजाने बिथरलेल्या जनावरांना सांभाळताना मालक आधीच गुंतलेला असतो.

या उड्डाणांतून खनिज थेट सापडत नाही. हाती येतो तो नकाशा, आणि कुठे खोदून पाहावं याचा इशारा. उत्तर आयर्लंडमध्ये 2005-06 साली झालेल्या टेलसच्या उड्डाणांत मातीखाली दडलेल्या बेसॉल्टच्या भिंती चुंबकीय नकाशावर रेघांसारख्या उमटल्या. तिथल्या अँट्रिम परगण्यातला हा काळा खडक आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. दख्खनच्या लाव्हाचे बरेच थर मात्र पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट होतं त्या काळात थिजले. त्यामुळे त्यांच्यावर मोजमाप वाढण्याऐवजी घटलेलं दिसू शकतं, आणि खालचे जुने खडक वाचणं अवघड होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेही 2017 पासून देशातल्या खनिजसंभाव्य पट्ट्यांवर असं हवाई मोजमाप हाती घेतलं आहे. तिथे ओळींमधलं अंतर 300 मीटर, उंची 80 मीटर.

खनिजाच्या शोधाला दुसरी बाजूही आहे. टायरोन परगण्यातल्या स्पेरिन डोंगरात सोन्याच्या खाणीचा प्रस्ताव आला, तेव्हा स्थानिकांनी वर्षानुवर्षं नेटाने विरोध केला. टेलसची आकडेवारी मात्र सर्वांना मोफत खुली आहे, आणि ती घरांतल्या रेडॉन वायूचा धोका ओळखायला, दलदलीतल्या पीटचा अभ्यास करायलाही उपयोगी पडते. डोक्यावरून गेलेलं विमान कुणाचं, हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या मनात शंका घर करते. म्हणून अशा फोटोखाली ठिकाण, तारीख, उड्डाणाची दिशा आणि सर्वेक्षणाचं नाव लिहिलंच पाहिजे. ज्याच्या शेतावरून विमान गेलं, त्याला त्या फोटोवरून कळायला हवं की काय मोजलं, कुणासाठी मोजलं, आणि ते आकडे आपल्याला कुठे पाहायला मिळतील.