एक चेहरा, दोन आवाज आणि दुबळी पटकथा

उत्तर प्रदेशातल्या बुढाण्याचा एक नट बाळासाहेब ठाकरे होतो, आणि शिवाजी पार्कच्या सभा ऐकत वाढलेला मराठी माणूसही त्याला पडद्यावर पाहून क्षणभर दचकतो! २५ जानेवारी २०१९ रोजी आलेल्या 'ठाकरे' या चित्रपटात नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी ही किमया केली. ते हुबेहूब दिसतात म्हणून नव्हे. बोलण्याआधी ते जो विराम घेतात, त्यात समोरच्याचा थरकाप उडवायची ताकद आहे म्हणून.

याहून नवल पुढेच आहे. मराठी आवृत्तीत चेहरा नवाजुद्दीन यांचा, पण आवाज चेतन सशितल यांचा. आधी मराठी ट्रेलरमध्ये सचिन खेडेकर यांचा आवाज होता; प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून तो बदलला. मीरा-भाईंदरमध्ये एकाच मजल्यावर एका दारामागे मराठी, तर शेजारच्या दारामागे हिंदी बोलली जाते. ही दोन घरं एकच चित्रपट दोन भाषांत पाहतात, तेव्हा त्यांच्यासमोरचे बाळासाहेब अर्धे सारखे आणि अर्धे वेगळे असतात. आणि तरीही दोन्ही घरांना ते खरे वाटतात!

मग इतका जिवंत अभिनय असूनही चित्रपट मनात ठाण मांडून का बसत नाही?

उत्तर चित्रीकरणाच्या पद्धतीत आहे. मीरा रोडच्या सेटवर मालिकांचं शूटिंग पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की तिथे प्रसंग क्रमाने घेतले जात नाहीत. शेवटचं भांडण सकाळी, पहिली भेट दुपारी. चित्रपटाचंही तेच. नटाच्या हाती असतो फक्त समोरचा शॉट. तो क्षण तो सोन्याचा करू शकतो. पण या क्षणातून पुढचा क्षण का जन्मला, हे त्याला अभिनयाने सांगता येत नाही. ते काम पटकथेचं.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवलं. नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी कधी सूपचं ताट, कधी शवपेटी जोडली, की पाहणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख दिसतं. चेहऱ्याला अर्थ मिळतो तो आगेमागे काय आहे त्यावरून.

'ठाकरे'मध्ये कमी पडतं ते इथेच. व्यंगचित्रकार बाळासाहेब 'फ्री प्रेस जर्नल'ची नोकरी सोडतात, तो भाग पकड घेतो, कारण तिथे एक माणूस निर्णय घेताना दिसतो. त्यात काहीतरी पणाला लागलेलं असतं. पुढे मात्र 'मार्मिक' साप्ताहिक, १९६६ ची शिवसेनेची स्थापना, दंगली, सत्ता असे टप्पे एकामागून एक येतात. त्यांना प्रश्न विचारणारं, अडवणारं तोलामोलाचं कुणी समोर उभंच राहत नाही. बाळासाहेबांच्या पत्नी मीनाताईंच्या भूमिकेतल्या अमृता राव यांनाही फारसं काही करायला मिळत नाही. नायक जिंकताना दिसतो, पण त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

याउलट दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला, ते सांगणारा परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहा. सिनेमा काढायचा तर पैसा हवा; पैसा हवा तर आधी काही करून दाखवायला हवं; म्हणून फाळके रोपाची वाढ चित्रित करतात. पुढे हरिश्चंद्राची राणी तारामती व्हायला बाई मिळत नाही, म्हणून पुरुषालाच साडी नेसवावी लागते. प्रत्येक प्रसंग पुढच्याची गरज निर्माण करतो. म्हणून नंदू माधव यांचे फाळके शेवटपर्यंत आपल्याला सोबत घेऊन जातात.

नवाजुद्दीन यांनी 'ठाकरे'मध्ये आपलं काम चोख केलं. पटकथेने केलं नाही. यापुढे एखादा अभिनय आवडूनही चित्रपट रुचला नाही, तर नटाला बोल लावण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा: या माणसाला आत्ता काय हवं आहे, आणि त्याला अडवतंय कोण? उत्तर मिळालं नाही, तर दोष लेखणीचा आहे.