मोटारगाडीतील ठोके

मोटारगाडीतील ठोके : मोटारगाडी चालत असताना तिच्या एंजिनातून, प्रेषण यंत्रणेतून किंवा चाकांजवळून येणाऱ्या आघातध्वनींना ठोके म्हणतात. झिजेमुळे वा सैलपणामुळे दोन भागांमधील फट वाढली म्हणजे भाराची दिशा बदलताना ते एकमेकांवर आदळतात. एंजिनातील ज्वलन अनियमित झाल्यासही ठोका ऐकू येतो. धातूच्या सांगाड्यातून आवाज दूरवर पोहोचत असल्याने त्याचे स्थान केवळ कानाने ठरविणे फसवे असते. त्यामुळे ठोका कशाबरोबर बदलतो हे पाहणे, ही निदानाची पहिली पायरी होय.

निदान : गाडी उभी असताना एंजिनाची गती वाढविल्यावर ठोका जलद झाला, तर दोष बहुधा एंजिनात असतो. उभ्या गाडीत न येणारा, पण चाकांच्या गतीबरोबर जलद होणारा ठोका चाके, आस किंवा प्रेषण दंड यांतील दोष सुचवितो. अशा वेळी चाकांच्या चाक्या (नट) सैल झाल्या नाहीत ना, हे सर्वप्रथम पाहावे. कारण चाक निखळून अपघात होऊ शकतो. लालबागच्या उड्डाणपुलासारख्या (२०११) लांब पुलावरील सांधे ओलांडताना किंवा खड्ड्यांतून जाताना तेवढ्यापुरता येणारा ठोका निलंबन यंत्रणेतील असतो. त्यात रबरी बुश, गोलक सांधे आणि आघातशोषकांच्या बैठका तपासतात. पेडर रोडसारख्या चढावर एंजिनावर भार पडतानाच ऐकू येणारी किणकिण ज्वलनदोषाची असण्याचा संभव अधिक असतो. गिरगावातील अरुंद गल्लीत भिंतीलगत काच उघडी ठेवून सावकाश गाडी चालविल्यास परावर्तित आवाजावरून ठोक्याची बाजू कळण्यास मदत होते. चाचणीसाठी उतारावर एंजिन बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

एंजिनातील ठोके : पेट्रोल एंजिनात ठिणगीमुळे निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटल्यास दाबलहरी निर्माण होतात व धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. इंधनाचा ऑक्टेन अंक कमी असणे, ठिणगी वेळेआधी पडणे, ज्वलनकक्षात काजळी साचणे आणि एंजिन अतितप्त होणे ही याची प्रमुख कारणे होत. ठिणगीची वेळ दुरुस्त करणे, काजळी काढणे, शीतन यंत्रणा सुधारणे व योग्य इंधन वापरणे हे उपाय होत. नैसर्गिक वायूचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या टॅक्सीत पेट्रोलवर येणारा ठोका वायूवर नाहीसा झाला, तर दोष बहुधा ज्वलनातील असतो. तो दोन्हींवर सारखाच राहिला, तर झीज शोधावी लागते.

झडपांजवळील फट वाढल्यास हलकी टकटक ऐकू येते. फट पातळ मापपट्टीने मोजून ठरावीक मापावर आणतात. संयोग दांड्याचा धारवा म्हणजे बेअरिंग झिजल्यास खोल, जड ठोका येतो. तो येत असताना वंगण तेलाच्या दाबाचा दिवा लागल्यास एंजिन तत्काळ बंद करावे. गाडी तशीच गॅरेजपर्यंत चालवीत नेल्यास दांडा तुटून सिलिंडर-ठोकळाही निकामी होऊ शकतो. अशा वेळी ती ओढून नेणे हाच कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

पावसाळ्यात दादर-परळ भागात हिंदमातासारख्या सखल ठिकाणी पाणी साचते. हवा आत घेणाऱ्या नळीतून सिलिंडरात पाणी शिरल्यास ते दाबले जात नसल्याने संयोग दांडा वाकतो व पुढे ठोका उद्‌भवतो. म्हणून पाण्यात बंद पडलेले एंजिन पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. ठिणगी-गुडद्या म्हणजे स्पार्क प्लग काढून आधी पाणी बाहेर काढावे व तेलही तपासावे.

प्रेषणातील ठोके : गाडीच्या रचनेप्रमाणे संशयाचे स्थान बदलते. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे एंजिन १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे असून मागील चाकांना गती मिळे. तीत गिअर घालताच किंवा वेगवर्धक सोडताच बसणारा ठोका प्रेषण दंडाच्या झिजलेल्या सार्वत्रिक सांध्यामुळे येई. सांध्यातील क्रॉस बदलल्यावर तो थांबे. अशी शेवटची टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती बाद झाली. तिची जागा घेणाऱ्या बहुसंख्य गाड्यांत पुढील चाकांना गती मिळते. त्यांत पूर्ण वळण घेताना येणारी लयबद्ध कटकट पुढील आसाच्या बाहेरील सांध्याची असते. सांध्यावरील रबरी आवरण फाटून वंगण गळते व धूळ-पाणी आत जाऊन झीज होते. आवरण फाटल्याचे लवकर लक्षात आल्यास ते बदलून नवे वंगण भरणे पुरते. कटकट सुरू झाल्यानंतर सांधाच बदलावा लागतो.