जखम भरल्यानंतरची शुश्रूषा

बेळगाव परिसरातील खेड्यांत नात्यागोत्यातील कोणी ना कोणी लष्करात नाही, असे घर विरळाच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथेच असल्याने मुलांना वर्दीची ओढ शाळेपासूनच लागते. मुलगा भरती झाला की घरी पेढे वाटले जातात. पण त्याच रात्री आईच्या मनात प्रश्न उभा राहतो : उद्या माझ्या लेकराला काही झाले तर त्याचे करणार कोण? मुख्याध्यापक या नात्याने अनेक मातांनी आम्हांस हे विचारले आहे. लष्करी रुग्णालयांतून बरे होऊन परतलेल्यांचे अनुभव हेच त्याचे खरे उत्तर होय.

लष्करात उपचारांचा आरंभ रुग्णालयात नव्हे, तर पलटणीतच होतो. पलटणीचा स्वतःचा डॉक्टर आघाडीजवळच्या मदतकेंद्रात प्रथमोपचार करतो. रक्तस्राव थांबवून, मोडलेला अवयव बांधून जखमीला मागच्या ठाण्यावर आणि तेथून गरजेप्रमाणे मोठ्या रुग्णालयात पाठविले जाते. प्रत्येक टप्प्यावर काय करावयाचे हे आधीच ठरलेले असते.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त सुभेदारांना तरुणपणी काविळीने कित्येक आठवडे लष्करी रुग्णालयात राहावे लागले. ते सांगतात, “गुरुजी, तिथल्या सिस्टर म्हणजे अधिकारी. सकाळी त्यांना सॅल्यूट करायचा, आणि संध्याकाळी त्याच उशाशी बसून पेज घ्यायला लावायच्या. ज्याला चालता येई त्याने शेजारच्या खाटेवरच्याला हात द्यायचा, हा तिथला रिवाज. घरची आठवण येई, पण पोरकं कधी वाटलं नाही.” शिस्त आणि माया एका ठिकाणी नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

या शुश्रूषेचे सर्वांत तेजस्वी फळ म्हणजे सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे श्री. मुरलीकांत पेटकर. लष्करात ते मुष्टियोद्धे म्हणून नावाजलेले होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. तेथे त्यांना व्यायामोपचार म्हणून पोहण्यास सांगण्यात आले. पाण्यात देहाचा भार हलका होतो आणि दंड व खांदे यांच्या बळावर पुढे सरकता येते, एवढाच त्यामागील साधा विचार. पण त्या उपचारातून एक जलतरणपटू घडला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. जखम भरली म्हणून वैद्यांनी तेथेच हात झटकले असते, तर हे घडते ना!

जखमेनंतरच्या आयुष्याची ही काळजी पुण्यातील दोन संस्थांतही दिसते. १९४४ साली स्थापन झालेल्या कृत्रिम अवयव केंद्रात हात-पाय गमावलेल्यांना नवे अवयव बसवून ते वापरण्याचा सरावही दिला जातो. नागरिकांनाही त्याचा लाभ मिळत आला आहे. खडकी येथे १९७४ पासून मणक्याच्या इजेने पंगू झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. चाकांच्या खुर्चीवरून खेळ खेळणारे आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे जवान तेथे घडले आहेत.

आजारपणाने नोकरी जाईल, ही भीतीही पुष्कळदा अनाठायी ठरते. जवानाची वैद्यकीय श्रेणी तात्पुरती खाली आणून त्यास झेपेल असे काम दिले जाते आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी होते.

सर्वच काही सुखाचे आहे, असे मात्र नव्हे. खेड्यातून लष्करी रुग्णालय दूर पडते आणि वृद्धांना रांगेत तिष्ठावे लागते. म्हणून वाचकहो, दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. नोकरीत असलेल्या मुलाने पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांची नावे आपल्या पलटणीच्या कचेरीत वेळीच नोंदवावीत. नोंद नसेल तर ऐन आजारपणात अडचण होते. निवृत्त सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ‘ई.सी.एच.एस.’ ही अंशदायी आरोग्य योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून औषधोपचार होतात आणि आवश्यक तेव्हा मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयातही पाठविले जाते. तिचे कार्ड सर्व पात्र आश्रितांसाठी काढून घ्यावे. हे कागद पेटीच्या तळाशी न ठेवता घरातील बायामाणसांनाही माहीत असावेत.

मातांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता निःशंकपणे देतो : माउली, तुमच्या लेकराचे करणारी माणसे तेथे आहेत, आणि ती त्याला अर्ध्या वाटेवर सोडून देत नाहीत.