वायफाय जोडलेले, पण इंटरनेट नाही: घरच्या लॅपटॉपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातल्या लॅपटॉपपर्यंत इंटरनेट दोन टप्प्यांत पोचते. पहिला टप्पा सेवा देणाऱ्या कंपनीपासून घरातल्या राउटरपर्यंतचा. शहरांत तो आता बहुधा फायबरचा असतो आणि भिंतीवरच्या ओएनटी नावाच्या डब्यात संपतो. अनेक घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. दुसरा टप्पा राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा, रेडिओलहरींचा. वायफाय म्हणजे केवळ हा दुसरा टप्पा. ‘वायफाय चालत नाही’ या तक्रारीत दोन्ही टप्प्यांतले बिघाड मिसळून जातात आणि दोष एकीकडे असताना खटपट दुसरीकडे सुरू होते. बिघाड कुठे आहे हे ठरण्याआधी एकही सेटिंग बदलू नये.

सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसत आहेत म्हणजे इंटरनेट व्यवस्थित आहे, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. त्या रेघा राउटरची लहर लॅपटॉपपर्यंत किती जोरात पोचते एवढेच दाखवतात. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली किंवा महिन्याचा रिचार्ज संपला, तरी रेघा पूर्णच राहतात. इंटरनेट आहे की नाही हे पाहण्यासाठी विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटी मजकूर-फाइल मागवून पाहते. ती आली नाही की ‘नो इंटरनेट’ असा संदेश येतो. हा संदेश दिसला की प्रथम ओएनटीकडे पाहावे. त्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाशाचा संकेतच पोचत नाही. मग लॅपटॉपवर काहीही केले तरी उपयोग नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवणे हाच मार्ग.

मोबाइलवर सगळे चालते, म्हणजे दोष लॅपटॉपचाच, असेही मानले जाते. यात अर्धेच तथ्य आहे. वायफायवर इंटरनेट मिळत नाही असे लक्षात आले की बरेच मोबाइल वापरणाऱ्याला न सांगता मोबाइल डेटाकडे वळतात. त्यामुळे मोबाइल डेटा बंद करून, फक्त वायफायवर एखादे पान उघडते का ते पाहावे. उघडले, तरच लॅपटॉपकडे वळावे. तिथे आधी एअरप्लेन मोड आणि कीबोर्डवरचे वायफायचे बटण तपासावे. चुकून दाबले गेलेले बटण हे फार नेहमीचे कारण आहे.

मोबाइलला घरचे नेटवर्क दिसते आणि लॅपटॉपला त्याचे नावही दिसत नाही, तेव्हा राउटर बिघडला असे म्हटले जाते. बहुतेक वेळा प्रश्न लहरींच्या पट्ट्याचा असतो. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर प्रसारण करतात. २.४ चा पल्ला जास्त आणि तो भिंतींतून बरा पार होतो, पण त्यात शेजारच्या राउटरांची, ब्लूटूथची आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण काँक्रीटच्या एक-दोन भिंतींतच त्याचा जोर ओसरतो. भारतात २०१८ साली या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले आणि घरोघरी दुहेरी पट्ट्याचे राउटर आले. जुन्या, स्वस्त लॅपटॉपांतले वायफाय कार्ड मात्र अनेकदा फक्त २.४ जाणते. राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झ चालू असेल, तर अशा लॅपटॉपच्या दृष्टीने ते नेटवर्क अस्तित्वातच नसते. उपाय साधा आहे: राउटरमध्ये २.४ चा पट्टाही चालू करावा आणि दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपबाबत आणखी एक शक्यता असते. २.४ च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनल वापरता येतात. अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच वापरतात आणि तिथल्या बाजारासाठी बनवलेली काही कार्डे पुढचे चॅनल ऐकतच नाहीत. राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडला की तो लॅपटॉप अचानक ‘आंधळा’ होतो. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायम केला की हा त्रास थांबतो.

पासवर्ड बरोबर असला की जोडणी व्हायलाच हवी, ही समजूतही चुकीची. राउटरचा पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार बदलल्यावरही लॅपटॉप साठवलेली जुनी माहितीच पाठवत राहतो. अशा वेळी त्या नेटवर्कवर ‘फर्गेट’ करून पासवर्ड नव्याने द्यावा. दुसरे कारण डब्ल्यूपीए३. ही सुरक्षापद्धत २०१८ मध्ये आली आणि त्याआधीची बरीच कार्डे तिच्याशी जुळत नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडावा. सुरक्षा पूर्ण काढून नेटवर्क उघडे ठेवणे हा उपाय नव्हे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘रीस्टार्ट’ आणि ‘रिसेट’ एकच. राउटरचा प्लग काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावणे आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबणे, हा रीस्टार्ट. तो निर्धोक आहे आणि पुष्कळदा पुरतो. मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दाबायचे ते रिसेटचे बटण. ते काही सेकंद दाबून धरले की राउटर कारखान्यातून निघाल्यासारखा कोरा होतो. वायफायचे नाव आणि पासवर्ड पुसले जातात, हे त्यातले छोटे नुकसान. जिथे सेवा पीपीपीओई पद्धतीने मिळते, तिथे कंपनीने भरून दिलेले युजरनेम आणि पासवर्डही जातात. मग फक्त लॅपटॉपच नव्हे, घरातले प्रत्येक साधन बंद पडते आणि टेक्निशियनची वाट पाहावी लागते. ही माहिती लिहून ठेवलेली नसेल, तर त्या बटणाला हात लावू नये.

लॅपटॉपच्या बाबतीत असाच घोटाळा ‘शट डाउन’चा होतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. अडकलेला वायफाय ड्रायव्हर त्यामुळे अडकलेलाच राहू शकतो. ‘रीस्टार्ट’ निवडल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते.

जोडणी झाली, राउटर ठीक आहे, मोबाइलही चालतो, तरी लॅपटॉपवर पाने उघडत नसतील, तर नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आयपीव्ही४ पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. कार्यालयात कुणी ठरावीक पत्ता भरून ठेवला असेल, तर तो घरी चालत नाही, ‘ऑटोमॅटिक’ करावा. पत्ता योग्य असेल, तर डीएनएस, चालू राहिलेले व्हीपीएन आणि प्रॉक्सी तपासावे. लॅपटॉपची तारीख चुकलेली असली तरीही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रे मुदतीबाहेरची वाटू लागतात. जुन्या लॅपटॉपात मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपल्यावर हे वारंवार होते.

शेवटी गल्लीतल्या दुकानातला सल्ला येतो: फॉरमॅट मारा. वायफायसाठी याची गरज क्वचितच पडते, आणि त्यात विंडोजकडे त्या कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर वायफायचा पर्यायच गायब होतो. त्याआधी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करावे आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. त्यानेही भागले नाही, तर विंडोजमधील ‘नेटवर्क रिसेट’ वापरावे. त्यात फाइली जात नाहीत, मात्र साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएनच्या नोंदी पुसल्या जातात. कार्डच निकामी झाले असेल, तर यूएसबीचा वायफाय अडॅप्टर लावून लॅपटॉप चालू ठेवता येतो.

कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करण्याची वेळ आलीच, तर तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात: ‘एलओएस’ दिवा लाल आहे का, मोबाइल डेटा बंद ठेवून इतर साधने चालतात का, आणि लॅपटॉपवर कोणता संदेश दिसतो.